एमआरआय निर्दोष आहे, तरीही संध्याकाळी शक्ती जाते : निदानापर्यंत कसे पोहोचावे?

आपण लिहिले आहे की गेल्या काही महिन्यांपासून संध्याकाळी उजवी पापणी खाली येते, मधूनच एका वस्तूच्या दोन दिसतात आणि जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. मेंदूचा एमआरआय व रक्ताचे नेहमीचे अहवाल निर्दोष आले असून दोन डॉक्टरांनी हे ताणामुळे होत असावे असे सांगितले आहे. निदान कसे मिळवावे आणि ते मिळेपर्यंत कसे राहावे, असे आपण विचारता. मी डॉक्टर नाही. सोलापुरात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, आणि मला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असल्याचे लक्षणे सुरू झाल्यावर बऱ्याच उशिराने कळले. आपल्याला तोच आहे असे मी म्हणणार नाही, परंतु आपला त्रास दिवस उतरताना वाढतो ही गोष्ट न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर अगदी ठळकपणे गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

एमआरआय निर्दोष येणे ही चांगलीच बातमी आहे, कारण मेंदूतील गाठ किंवा पक्षाघात यांसारख्या गंभीर गोष्टींची शक्यता त्यामुळे पुष्कळ कमी होते. मात्र एमआरआयमध्ये रचना दिसते. नस आणि स्नायू जिथे मिळतात ती सूक्ष्म जागा दिसत नाही, आणि मायस्थेनियात बिघाड नेमका तिथेच असतो. नसेतून सुटणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन स्नायूवरच्या ज्या ग्राहींनी स्वीकारायचे, त्यांच्यावरच शरीराची प्रतिकारशक्ती हल्ला करते. त्यामुळे विश्रांतीनंतर स्नायू काही काळ व्यवस्थित चालतो आणि तेच काम पुन्हापुन्हा केले की थकून थांबतो. सकाळच्या वेळी तपासणीच्या टेबलावर अशा रुग्णाची ताकद पुरेशी भरते, डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि मग घरच्यांनाही शंका येऊ लागते.

माझा आवाज पहिल्या तासाला खणखणीत असे, पण दुपारच्या तासाला कविता वाचताना तो नाकातून येऊ लागे. भाकरी चावताना जबडा थकत असे, दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर राहत नसत. आवाजासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, खांद्यांसाठी हाडांचे डॉक्टर, पापणीसाठी नेत्रतज्ज्ञ अशी ही लक्षणे वाटली गेली. प्रत्येकाने आपापला भाग नीट तपासला, पण सगळे एकत्र कुणासमोर आलेच नाही. पुढे धडधड आणि काळजी यांसाठी मला प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या मिळाल्या. हे औषध मायस्थेनियात अशक्तपणा वाढवू शकते, हे मला निदान झाल्यावर समजले.

म्हणून माझा आग्रह असा, की पुढच्या भेटीपूर्वी सगळी लक्षणे एकाच कागदावर लिहावीत : कोणते लक्षण, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणते काम किती वेळ केल्यावर, आणि विश्रांतीने किती वेळात सुधारते. त्यासोबत मोबाइलवर पापणीचा सकाळचा व संध्याकाळचा फोटो घ्यावा, आणि पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचताना आवाज बदलतो का याचा व्हिडिओ करावा. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी जाड फाइल बाजूला ठेवून आधी हेच पाहिले, मग मला छताकडे एकटक बघायला सांगितले, आणि थोड्याच वेळात पापणी त्यांच्या डोळ्यांदेखत खाली आली. भेटीची वेळ शक्य तर संध्याकाळची मागावी.

तपासण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी धरल्यावर ती वर उचलली जाते का, ही अगदी साधी तपासणी दवाखान्यातच होते. रक्तातील ॲसिटिलकोलिन ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) शरीरभर पसरलेल्या प्रकारात सुमारे ८५ टक्के रुग्णांत सापडतात, पण आजार डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्याच रुग्णांत. त्यामुळे हा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून विषय मिटत नाही. पुढे मस्क प्रतिपिंडे (स्नायूवरच्या मस्क नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची) आणि नसेला वारंवार सौम्य विद्युत चेतना देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का हे पाहणारी तपासणी करता येते. हा प्रतिसाद १० टक्क्यांहून अधिक घटला तर ती मोठी खूण मानतात. त्याहून संवेदनशील असलेली सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे एकेका स्नायूतंतूची विद्युत तपासणी, सर्वत्र होत नाही. त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागू शकते. खर्चाची चिंता असल्यास मुंबईचे केईएम किंवा बंगळुरूचे निम्हान्स यांसारख्या सरकारी संस्थांतील न्यूरॉलॉजी विभागांचा विचार जरूर करावा. निदान पक्के झाले तर थायमस ग्रंथीसाठी छातीचे सीटी स्कॅन करतात, कारण १० ते १५ टक्के रुग्णांत तिथे गाठ आढळते.

कारण वेगळेही निघू शकते. थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्यावे. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिने नसांना इजा होते, पण तिची ओळख सहसा पायांतील मुंग्या व तोल जाणे अशी असते. आणि डॉक्टरांनी फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर असे सांगितले, तर तो अपमान समजू नये. मेंदूकडून शरीराकडे जाणाऱ्या संदेशांचे कार्य बिघडण्याचा तो खरा आजार आहे, आणि त्याच्या स्वतःच्या तपासण्या आहेत : उदाहरणार्थ, सांगून खाली दाबता न येणारा पाय दुसरा पाय उचलताना आपोआप जोराने दाबला जातो. अशी खूण दाखवून केलेले निदान मान्य करावे. केवळ अहवाल निर्दोष आहेत एवढ्यावरून ताण असल्याचे सांगितले असेल, तर ते कशावरून ठरवले हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे.

निदानाविना काढलेल्या काळात शारीरिक थकव्याइतकाच लोकांचा अविश्वास जड होतो. ज्या कामांना हात वर धरावे लागतात ती सकाळी उरकावीत, जेवण मऊ आणि थोडे-थोडे घ्यावे, उन्हात जाणे टाळावे, कारण उष्णतेने हा अशक्तपणा वाढतो. घरात एक तरी माणूस पूर्ण विश्वासात घ्यावा आणि त्याला डॉक्टरांकडे सोबत न्यावे. सासूबाईंना माझा आजार पटला तो अमिताभ बच्चन यांनाही हाच झाला होता हे कळल्यावर, आणि त्या दिवसापासून दुपारचा स्वयंपाक त्यांनी आपल्याकडे घेतला. १९३४ साली लंडनच्या ग्रिनिचमध्ये डॉ. मेरी वॉकर यांना या आजारावर जे औषध गुणकारी दिसले, त्याच जातीचे पायरिडोस्टिग्मिन मी आज घेते आणि शाळेत पूर्ण वेळ शिकवते.

निदान होईपर्यंत कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास, मायस्थेनियाची शंका आहे हे औषध लिहिण्याआधी सांगावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन ही प्रतिजैविके आणि शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम यांबाबत विशेष सावधगिरी लागते. आडवे झाल्यावर दम लागणे, पाणी नाकातून येणे, स्वतःची थुंकी गिळता न येणे, मान सावरता न येणे किंवा एका श्वासात पूर्वीइतके आकडे मोजता न येणे, यांपैकी काहीही झाले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावे, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.