बेसबॉलमध्ये होमरन मारल्यावर बॅट भिरकावली तर पिचरला (म्हणजे गोलंदाजाला) एवढा राग का येतो?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण याच गुन्ह्यासाठी मी स्वतः एकदा कमरेवर चेंडू खाल्लाय. ते पुढे सांगतो.

तुम्ही विचारलंय की होमरन (चेंडू थेट कुंपणापार, म्हणजे आपला षटकार) मारून बॅट हवेत उडवली एवढ्यावरून दोन्ही संघ मैदानात उतरून मारामारी कशी करतात. आणि धोनीने २०११ च्या फायनलला वानखेडेवर शेवटचा षटकार मारून बॅट गरकन फिरवली तेव्हा श्रीलंकेचं कोणी काही बोललं नाही, मग यांनाच एवढं काय झोंबतं?

मला समजलंय ते असं: राग बॅटचा नसतो, थांबून बघण्याचा असतो. आणि बेसबॉलमध्ये असा राग कोणी गिळत नाही. तो वहीत मांडून ठेवतात आणि सवडीने वसूल करतात.

मी डोंबिवलीचा. क्रिकेट भागशाळा मैदानावरचं, तेही टेनिस बॉलचं. २०१३ पासून टोरांटोजवळ मिसिसागात राहतो. पहिली दोन वर्षं बेसबॉल म्हणजे नुसतं थुंकणं आणि टोप्या नीट करणं, एवढंच मला दिसायचं. मग आला १४ ऑक्टोबर २०१५. टोरांटो ब्लू जेज १९९३ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये आले होते, समोर टेक्सास रेंजर्स, मालिका २-२, पाचवा आणि निर्णायक सामना. बुधवारची दुपार होती आणि ऑफिसात काम करण्याचं नाटकसुद्धा कोणी करत नव्हतं. सगळे पॅन्ट्रीतल्या टीव्हीपुढे.

सातव्या इनिंगमध्ये जे झालं ते सांगूनही खरं वाटत नाही. ब्लू जेजचा कॅचर रसेल मार्टिन याने चेंडू पिचरकडे परत टाकला. निव्वळ परत टाकला, विकेटकीपरने गोलंदाजाकडे टाकावा तसा. तो चेंडू टेक्सासच्या चू शिन-सू या बॅटरच्या बॅटला लागून घरंगळला आणि तिसऱ्या बेसवरचा रूगनेड ओडोर पळत घरी, म्हणजे बॅटर उभा असतो त्या होम प्लेटवर, आला. बराच वाद होऊन रन दिला गेला. प्रेक्षकांनी बिअरचे कॅन मैदानात फेकले. टेक्सास ३-२ पुढे. मग टोरांटोची पाळी आली आणि टेक्सासच्या फिल्डरांनी लागोपाठ तीन चुका केल्या. स्कोअर बरोबरीत. दोघे बेसवर, आणि बॅट हातात होजे बाउटिस्टाच्या.

टेक्सासचा पिचर सॅम डायसन याचा चेंडू त्याने डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला, ६-३. चेंडू गेला हे त्याला, डायसनला, आम्हा सगळ्यांना बॅटच्या आवाजावरूनच कळलं होतं. पण तो धावला नाही. उभा राहिला. एक क्षण डायसनकडे बघितलं, आणि बांधावरून उसाचं वाढं फेकावं तशी बॅट बाजूला भिरकावली. मग सावकाश निघाला.

आमच्या टीममधला पन्नाशीचा एक कॅनडियन सहकारी घसा बसेपर्यंत ओरडला, मला त्याने मिठी मारली, आणि मग खुर्चीत टेकता टेकता शांतपणे म्हणाला, “आता याला चेंडू बसणार.” मी विचारलं, का? म्हणे, नियम आहे. कुठे लिहिलाय? म्हणे, कुठेच नाही.

तेव्हा मला ती गंमत वाटली. १५ मे २०१६ ला, म्हणजे तब्बल सात महिन्यांनी, टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये त्या मोसमातला या दोन संघांचा शेवटचा सामना होता. त्यानंतर नियमित मोसमात ते भेटणार नव्हते, म्हणजे उधारीची मुदत संपत आलेली. आठव्या इनिंगमध्ये टेक्सासचा पिचर मॅट बुश याने पहिलाच चेंडू बाउटिस्टाच्या बरगडीत घातला. आता यातली खरी मेख बघा: बुशला मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या पातळीवर, येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. ऑक्टोबरच्या त्या सामन्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरीही वसुलीला तोच गेला. बाउटिस्टा नियमाप्रमाणे पहिल्या बेसवर गेला आणि त्याच इनिंगमध्ये दुसऱ्या बेसकडे धावताना मुद्दाम ओडोरच्या पायांत घसरला. ओडोरने त्याला ढकललं आणि दुसऱ्या क्षणी जबड्यावर असा ठोसा दिला की हेल्मेट आणि गॉगल दोन दिशांना गेले. ओडोरवर आठ सामन्यांची बंदी आली, अपिलात सात झाली. बाउटिस्टाला एक.

आता थांबण्याचं का लागतं ते. क्रिकेटमध्ये षटकार गेला की बॅट्समन काही पळत नाही, जोडीदाराच्या ग्लोव्हजवर ग्लोव्हज आपटतो, तोवर गोलंदाज रन-अपकडे चालू लागतो. बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापार गेल्यावरसुद्धा बॅटरला चारही बेसना पाय लावून यावं लागतं. नव्वद-नव्वद फुटांचे चार टप्पे, आणि त्याला कोणी बाद करू शकत नाही. म्हणजे ही चक्क मिरवणूक असते. ती संपेपर्यंत पिचरने त्या मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं, सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघतंय, आणि करण्यासारखं काही नाही. त्यात बॅटरने आधी उभं राहून चेंडू न्याहाळला, बॅट उडवली, रमतगमत गेला, की त्या शिक्षेची मुदत वाढली. जुने खेळाडू ज्याला ‘खेळाचा मान’ म्हणतात त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: लवकर आटप बाबा. शिवाय मोसमात १६२ सामने. तीच माणसं पुन्हा पुन्हा समोर येतात. आज मी, उद्या तू, म्हणून कोणी कोणाला जास्त खिजवू नये, हे त्यामागचं शहाणपण मला पटतंही.

आपल्या गल्लीत याहून सोपा कायदा होता: मारेल तो आणेल. जून २०१९ मध्ये डॉजर्सच्या मॅक्स मंसीने सॅन फ्रान्सिस्कोत तिथला पिचर मॅडिसन बमगार्नर याला असा होमरन मारला की चेंडू स्टेडियमबाहेर थेट खाडीत. बमगार्नर बेसवरून जाणाऱ्या मंसीवर खेकसला, चेंडूकडे बघत बसू नकोस, पळ. मंसीने उलट ऐकवलं, मी बघू नये असं वाटत असेल तर जा आणि समुद्रातून काढून आण. पुढे त्या वाक्याचे टी-शर्ट विकले गेले. सामना १-० असा सुटला आणि तो एक रन म्हणजे हाच होमरन. बमगार्नरला का झोंबलं असेल याची कल्पना करा.

आता माझं प्रकरण. ऑफिसची उन्हाळी सॉफ्टबॉल लीग, खालून हळू चेंडू टाकतात तसली. आयुष्यात पहिल्यांदा माझा चेंडू जाळीपलीकडे गेला आणि हातांनी आपोआप धोनी केला. बॅट फिरवली, फेकली, हात हलवत रमतगमत चक्कर मारली. पुढच्या पाळीला पिचरने, अकाउंट्समधला अतिशय सालस माणूस, चेंडू सुंदर कमानीत वर टाकला आणि तो अलगद माझ्या कमरेवर येऊन पडला. लागलं काहीच नाही. पण समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याच संघानेही! तो पुढे आला, हस्तांदोलन केलं, म्हणाला, आता फिटलं. त्या दिवशी मला ही वही खऱ्या अर्थाने कळली. माझ्यावर कोणाचा राग नव्हताच, हिशेब होता.

फक्त सॉफ्टबॉलच्या त्या चेंडूत आणि मेजर लीगच्या ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूत फरक आहे. साडेसाठ फुटांवरून तो यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. १९२० मध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दुसऱ्या दिवशी गेला. तो चेंडू मुद्दाम होता की नाही हा वाद वेगळा, पण चेंडू काय करू शकतो हे सगळ्यांना तेव्हापासून माहीत आहे. म्हणून वसुलीचेही संकेत आहेत: कमरेखाली मारा, मांडीवर मारा, डोक्याच्या वाटेला जाऊ नका. आणि अजून एक बारकावा. मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचर सहसा स्वतः बॅटिंगला येत नाही, २०२२ पासून दुसऱ्या लीगमध्येही नाही. त्यामुळे ज्याने चेंडू मारला त्याला कोणी परत मारू शकत नाही. भरपाई करतो त्याचा एखादा सहकारी, ज्याने काहीच केलेलं नसतं. कर्ज एकाचं आणि जप्ती जामीनदारावर.

याचा सर्वात हास्यास्पद नमुना ऑगस्ट २०२० चा. सॅन डिएगोचा फर्नांडो टाटिस ज्युनियर, वय २१, संघ १०-३ ने पुढे, आठवी इनिंग. पिचरने तीन चेंडू बाहेर टाकलेले, म्हणजे चौथा मधोमध टाकणं त्याला भाग. अशा वेळी एवढी आघाडी असताना बॅट फिरवू नये, असा संकेत. टाटिसने फिरवली आणि बेस भरलेले असताना होमरन, एका फटक्यात चार रन. समोर पुन्हा टेक्सासच! पुढच्या पिचरने लगेच चेंडू टाकला तो मॅनी मचाडोच्या पाठीमागून. मचाडोने काय केलं होतं? काही नाही, पुढचा नंबर त्याचा होता. पिचरवर तीन सामन्यांची बंदी, टेक्सासच्या मॅनेजरवर एका सामन्याची. टाटिसने बिचाऱ्याने माफीही मागितली. मग त्याच्या संघाने पुढचे तीन दिवस याच टेक्सासविरुद्ध रोज एक असा चार रनांचा होमरन मारला. लागोपाठ चार सामन्यांत असं याआधी कोणत्याच संघाने केलं नव्हतं. हे उत्तर मला फार आवडलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तर शिकागो व्हाइट सॉक्सच्या येरमिन मर्सेडीसने १५-४ ने पुढे असताना असाच होमरन मारला. समोर पिचरही नव्हता. मिनेसोटाने पिचर वाया नको म्हणून एका फिल्डरला उभं केलं होतं आणि तो ताशी पंचाहत्तर किलोमीटरने चेंडू सोडत होता. दुसऱ्या दिवशी मर्सेडीसच्या पाठीमागून चेंडू गेला, तर त्याचाच मॅनेजर, ७६ वर्षांचे टोनी ला रूसा, म्हणाले की यात मला गैर वाटलं नाही. घरच्याच वडीलधाऱ्यांनी शेजाऱ्याला सांगावं, आमच्या पोराला दोन लावा, तसलं हे.

बाउटिस्टा, टाटिस, मर्सेडीस तिघेही डोमिनिकन रिपब्लिकचे, हा योगायोग मला वाटत नाही. तिकडच्या हिवाळी लीगमध्ये ढोल-ताशे वाजत असतात, खेळाडू नाचत असतात, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. कोरियात तर बॅट उडवण्याला ‘प्पादॉन’ असं स्वतंत्र नाव आहे आणि पिचर ढिम्म असतो. २०२० च्या मे मध्ये अमेरिकेतलं बेसबॉल बंद असताना तिथल्या लोकांनी हे टीव्हीवर थेट पाहिलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. पण म्हणून याला ‘गोरे विरुद्ध लॅटिन’ असं सरळ करू नका. ठोसा मारणारा ओडोर व्हेनेझुएलाचाच आहे. जो हरतोय त्याला मान आठवतो, असं मला जास्त वेळा दिसलंय.

आपणही फार हसायला नको. विनू मंकडांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला बाद केलं ते लिहिलेल्या नियमाप्रमाणे, आणि न लिहिलेल्या नियमापायी त्यांच्या आडनावाचं क्रियापद झालं.

राहता राहिला धोनी. त्याने बेसबॉलमध्येही तेच केलं असतं तरी कोणी चेंडू मारला नसता, कारण त्या फटक्यावर सामना संपला होता. शेवटच्या फटक्यावर जिंकलात की बेसबॉलमध्ये वाट्टेल ते चालतं: बॅट उडवा, ओरडा, सगळा संघ होम प्लेटभोवती रिंगण करून उड्या मारत उभा असतो, बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओततात, आणि हरलेले मुकाट्याने आत निघून जातात. मे २०१० मध्ये एंजल्सच्या केंड्रिस मोरालेसने असाच सामना जिंकून देणारा होमरन मारला आणि त्या रिंगणात उडी घेतली. कोणताही संकेत मोडला नव्हता. होम प्लेटवर पाय मुरगळून हाड मात्र मोडलं, आणि तो पुढे २०११ चा अख्खा मोसमही खेळू शकला नाही.