अमेरिकेतले ज्यू पालक फुकटची सरकारी शाळा सोडून मुलांना महागड्या ज्यू डे स्कूलमध्ये का घालतात? तिथे असं काय मिळतं?

न्यू जर्सीतल्या अशाच एका शाळेत मी सहा वर्षं गणित शिकवतेय. मी ज्यू नाही, मूळची साताऱ्याची. तेव्हा हे उत्तर आत वावरणाऱ्या बाहेरच्या बाईचं समजा.

आधी त्या 'डे'चं बघू. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या इथल्या मराठी शाळा तुम्हाला ठाऊक असतील. रविवारी दोन तास बाराखडी, एखादं गाणं, आणि घरी जाताना गाडीत पोरं पुन्हा इंग्रजीत. बऱ्याच ज्यू मुलांचंही असंच असतं, रविवारी किंवा संध्याकाळी हिब्रू स्कूल. डे स्कूलमध्ये तेच शिक्षण रोजच्या शाळेत येतं. दिवसाचा एक भाग प्रार्थना, हिब्रू आणि तोरा, म्हणजे त्यांचा मूळ धर्मग्रंथ. दुसऱ्या भागात गणित, विज्ञान, इंग्रजी. न्यूयॉर्कची रामाझ आणि बॉस्टनजवळची मायमोनिडीज या जुन्या नावाजलेल्या शाळा, दोन्ही १९३७ सालच्या. सगळ्या शाळा एका माळेचे मणी नाहीत. काही कर्मठ, मुलं-मुली वेगळी बसवणाऱ्या. काही बऱ्याच मोकळ्या. आमची मधली.

मला विचाराल तर तिथली सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे वाद घालायची शिस्त. मिश्ना हा त्यांचा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ मुलं जोडीजोडीने वाचतात, त्याला हव्रूता म्हणतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. वर्गात असा गलका असतो की आपल्याकडचे हेडमास्तर छडी घेऊन आले असते. एकदा सातवीतली दोन पोरं भांडतच माझ्या तासाला आली. मिश्नेतला खटला असा: दोघांनी एकच वस्त्र धरलंय. एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. निकाल, पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. "पण मिस, दोनास एक असं का नाही वाटलं?" मी अपूर्णांकांचा ठरलेला धडा बाजूला ठेवला. वाद कुठल्या भागाचा आहे ते आधी बघा, म्हटलं. अर्ध्यावर दुसऱ्याचा दावाच नाही, ते पहिल्याचं. उरलेल्या अर्ध्यावर दोघं अडलेत, ते निम्मं निम्मं. एका पोराला पटलं. दुसऱ्याला अजून पटलेलं नाही, तो आता नववीत आहे.

त्यांचे खाण्याचे धार्मिक नियम मात्र मला जड गेले. पहिल्या आठवड्यात मी साबुदाण्याची खिचडी नेली. शाकाहारी आहे, मग काय अडचण? ऑफिसमधल्या बाईंनी हळूच बाजूला घेतलं: पदार्थ चालेल हो, पण भांडी कोणत्या स्वयंपाकघरातली? मला आजीचं सोवळं आठवलं आणि मी मुकाट्याने केळी न्यायला लागले.

घरच्यांना काय मिळतं, हे कमी बोललं जातं. कित्येक आईबापांना स्वतःला हिब्रू धड वाचता येत नाही. पहिलीतलं पोर शुक्रवारी शाळेत वळलेला वेणीच्या आकाराचा हाला पाव घेऊन येतं आणि आशीर्वाद कसा म्हणायचा ते त्यांना शिकवतं. सणाला वेगळी रजा मागावी लागत नाही, शाळेचं वेळापत्रकच सणांवर बेतलेलं. त्यांचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून शुक्रवारी शाळा लवकर सुटते. घरात बाळ आलं की वर्गातले पालक आळीपाळीने जेवण पोचवतात. कोणी गेलं तर सुतकाच्या सात दिवसांत घरी प्रार्थनेला दहा माणसं लागतात (कर्मठांत दहा पुरुषच), तीही बहुतेक शाळेच्या ओळखीतूनच जमतात. परदेशात राहणाऱ्या आपल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

डॉलरमधली किंमत विचाराल तर ती झोप उडवणारी. आमच्या भागात एका मुलाची वर्षाची फी वीस-तीस हजारांच्या घरात सहज जाते. बऱ्याच शाळा उत्पन्न बघून सवलत देतात, पण त्यासाठी घरचा सगळा हिशेब उघडा करावा लागतो आणि ते अनेकांना टोचतं. शिवाय दिवस लांब, गृहपाठ दुप्पट, आणि मित्र सगळे एकाच वर्तुळातले. हे मला खटकतं. दारावरचा सशस्त्र पहारेकरीही खटकतो, पण तो का आहे ते कळतं.

हे आपल्याला अगदी परकं नाही बरं का. मुंबईत बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी १८७५ मध्ये स्वतःची शाळा काढली, हाइम सॅम्युएल केहीमकरांच्या पुढाकाराने. पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. समाज इस्रायलला गेला तसे ज्यू विद्यार्थी आटले. नंतर वर्ग भरले ते मुख्यतः मुसलमान मुलांनी.

तुमच्या शेजाऱ्यांच्या मुलाची बार मित्सवा, म्हणजे साधारण मुंजीसारखा तेराव्या वर्षीचा समारंभ, जवळ आली असेल तर पाकिटात १०१ घालू नका. हिब्रू अक्षरांना आकडे असतात आणि 'हाय' म्हणजे जिवंत, याची बेरीज १८. त्या पटीत द्या, ५४, ९०, १८०. माझ्या वर्गातल्या पोरांचा अठराचा पाढा आपल्या पोरांपेक्षा पक्का आहे, तो यामुळेच.