जगात सर्वांत लांब नाव कोणत्या शहराचं आहे आणि ते कसं पडलं? एवढं लांब नाव लोकांच्या लक्षात कसं राहतं?

बँकॉकचं. थाई लोक मात्र आपसांत बोलताना बँकॉक म्हणत नाहीत, 'क्रुंग थेप' म्हणतात, आणि तीही पूर्ण नावाची नुसती सुरुवात आहे. रोमन लिपीत ते 168 अक्षरांचं भरतं. गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

रोमन अक्षरांत वाचलं तेव्हा मला त्यातलं काहीच उमगलं नव्हतं. मग तेच शब्द मूळ संस्कृत-पाली रूपात वाचायला मिळाले आणि अंगावर काटा आला. तुम्हीही मोठ्याने वाचून पाहा:

क्रुंगदेव महानगर अमररत्नकोसिंद्र महिंद्रायुध्या महातिलकभव नवरत्नराजधानी पुरीरम्य उत्तमराजनिवेशन महास्थान अमरविमान अवतारस्थित शक्रदत्तिय विष्णुकर्मप्रसिद्धि

शब्दकोश न उघडता निम्मं तरी कळलं ना? 'क्रुंग' म्हणजे राजधानी, तो शब्द ख्मेर या कंबोडियाच्या भाषेतून आलेला. शक्र म्हणजे इंद्र; विष्णुकर्म म्हणजे आपला विश्वकर्मा. इंद्राने दिलेली, विश्वकर्म्याने उभारलेली नगरी! थाई उच्चारात शब्दाच्या शेवटच्या 'र'चा 'न' होतो, म्हणून नगरचं 'नखोन' आणि अमरचं 'अमोन' झालं. देवचं झालं 'थेप'. लिहिताना मात्र त्यांनी मूळ अक्षरं बरीचशी जपली आहेत.

1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुत्थया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. अयुत्थया म्हणजे अयोध्याच, जिच्याशी युद्ध करता येत नाही अशी. पुढे 1782 मध्ये थायलंडच्या राजाने, पहिल्या रामाने, चाओ फ्रया नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी वसवली. तिच्या नावात हरवलेल्या अयोध्येलाही जागा मिळाली: 'महिंद्रायुध्या'. मला या नावातला हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. 'रत्नकोसिंद्र' म्हणजे इंद्राचं रत्न, ते राजवाड्यातल्या हिरव्या बुद्धमूर्तीसाठी. चौथ्या रामाने, राजा मोंगकुटने, नंतर त्यात एक बदल केला: आधी 'बवर' होतं, त्याचं 'अमर' केलं.

आणि बँकॉक? ते त्या जागेचं जुनं नाव. 'बांग' म्हणजे पाण्याकाठचं गाव. 'कॉक' हे 'मकोक' या अंबाड्यासारख्या आंबट फळावरून आलं असं बहुतेक जण मानतात. परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी तेच बसलं.

एवढं लांब नाव लोकांच्या लक्षात कसं राहतं, असंही तुम्ही विचारलं आहे. 1989 मध्ये असनी-वसन या भावांच्या रॉक जोडीने त्याचं गाणं केलं. गाण्याचे शब्द म्हणजे फक्त हे नाव, पुन्हा पुन्हा. अनेक थाई लोकांना ते त्या चालीवरच पाठ आहे.