साठ अंशांवर जनुकाला लगाम घालायचा असेल तर

जनुकं दाबण्याच्या प्रयोगासाठी क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम हा जिवाणू हातात घेतोस, हे फार चांगलं. सेल्युलोज स्वतः फोडून त्याचं इथेनॉल करणारे जिवाणू थोडेच आहेत. पण ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूची सवय आधी सोड. थर्मोसेलम वाढतो साधारण ६० अंश सेल्सियसला, तेही ऑक्सिजनशिवाय, आणि नेहमीची बरीचशी साधनं तिथे कोलमडतात.

नेहमीचा कॅस९ (डीएनए नेमक्या जागी कापणारं प्रथिन) त्या तापमानाला टिकत नाही. जनुक न कापता नुसतं दाबायचं असेल, तर उष्णताप्रेमी जिवाणूंकडूनच आलेला कॅस९ घे, उदाहरणार्थ थर्मोकॅस९ किंवा जिओकॅस९, आणि त्याची कापण्याची क्षमता काढून टाकलेलं रूप वापर. दोघांचा पॅम क्रम (लक्ष्याशेजारी असावाच लागणारा डीएनएचा छोटा क्रम) नेहमीच्या कॅस९पेक्षा वेगळा असतो, त्यामुळे कॅस९ला लक्ष्याकडे नेणारा गाइड आरएनए नव्याने आखावा लागतो. लक्ष्य जनुक ऑपेरॉनमध्ये (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेत) असेल तर त्याच्या पुढची जनुकंही दबतात. हे बहुतेक नवखे विसरतात आणि मग निकालाचा अर्थ चुकीचा लावतात.

जनुक किती दबलं हे पाहायला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या मागे लागू नकोस. त्याला चमकायला ऑक्सिजन लागतो. उष्णतेत टिकणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर घे, सोबत आरटी-क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए मोजण्याची पद्धत) कर. बदललेल्या पेशींच्या निवडीसाठी थायम्फेनिकॉल हे प्रतिजैविक चालतं.

दाबायला लॅक्टेटकडे जाणारा एलडीएच आणि अ‍ॅसिटेटकडचा पीटीए या विकरांची जनुकं हे पहिले उमेदवार. ते दाबल्यावर फक्त इथेनॉल मोजून थांबू नकोस. फॉर्मेट, हायड्रोजन, वाढीचा वेग, सगळं मोज, कारण अडवलेला कार्बन आणि इलेक्ट्रॉन कुठेतरी जाणारच. माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे.