ब्रश, पाणी आणि वाळूचा कण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोटारी आपोआप धुणाऱ्या यंत्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्या प्रश्नांत यंत्राच्या आतील रचनेचा खुलासा आवश्यक होता, त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझी गाडी गडद निळ्या रंगाची आहे. यंत्रात धुतल्यानंतर उन्हात तिच्यावर बारीक गोलाकार ओरखडे दिसतात. नव्या यंत्रांचे ब्रश सुरक्षित असतात असे सांगितले जाते. त्यांत खरोखर काय बदलले आहे?

उत्तर : असे बहुतेक ओरखडे ब्रश आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या वाळूच्या कणाने पडतात. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि रस्त्यावरच्या धुळीत मुबलक आढळणारे क्वार्ट्‌झ कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स श्रेणीवर ७ इतके, म्हणजे खिडकीच्या काचेहूनही कठीण असते. धूळ बसलेला चष्मा कोरड्या कापडाने पुसल्यावर काचेचे जे होते, तेच येथे रंगाचे होते. त्यामुळे या यंत्रांतील कोणतीही सुधारणा तपासताना मी आधी एवढेच पाहतो की, तिच्यामुळे कण रंगापासून लवकर सुटतो का, आणि सुटलेला कण पुन्हा गाडीवर येण्याची वाट बंद होते का.

गाडीभोवती फिरणाऱ्या उभ्या ब्रशांच्या यंत्राचे पेटंट जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील गेबहार्ड वायगेले आणि योहान सुल्झबर्गर यांनी १९६२ मध्ये दाखल केले. त्या पिढीतील यंत्रांचे ब्रश प्लॅस्टिकच्या ताठ तंतूंचे असत. वापराने तंतूंची टोके चिरत, आणि चिरलेल्या टोकांत माती अडकून बसे. पुढे मऊ कापडाच्या पट्ट्या आल्या. त्या रंगाला हळुवार लागत असल्या तरी पाणी शोषून जड होत, आणि शोषलेल्या पाण्याबरोबर वाळूही धरून ठेवत. आज अनेक यंत्रांत ईव्हीए नावाच्या पॉलिमरच्या फोमच्या पट्ट्या असतात. अशी पट्टी आडवी कापून भिंगाखाली धरली, तर हवेने भरलेल्या बारीक बारीक पेशी दिसतात, आणि प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीपासून पूर्णपणे बंद असते. भांडी घासण्याच्या साध्या स्पंजात या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे तो पाणी पितो. येथे पाणी आणि माती पट्टीच्या पृष्ठभागावरच राहतात आणि ब्रश फिरू लागताच बाहेर फेकल्या जातात. माझ्या मते ब्रशाच्या बाबतीत मऊपणापेक्षा हा न शोषण्याचा गुण अधिक मोलाचा आहे.

दुसरा मोठा बदल दाबाच्या नियंत्रणात झाला आहे. ब्रश गाडीवर जितका जोरात टेकतो तितका त्याच्या मोटरवरचा भार वाढतो आणि ती अधिक वीज खेचते. नियंत्रक या विजेवर सतत लक्ष ठेवतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली जाताच ब्रश मागे घेतो. काही रचनांत टांगलेल्या ब्रशाचा कल मोजणारा वेगळा सेन्सरही असतो. याखेरीज प्रकाशकिरणांच्या पडद्याने किंवा अल्ट्रासॉनिक सेन्सरने गाडीची बाह्यरेषा टिपली जाते, त्यामुळे आरसा, टपावरचे कॅरियर किंवा मागचा स्पॉयलर कोठे आहे हे यंत्राला ब्रश टेकण्याच्या आधीच कळते.

तरीही उत्तम फोम आणि उत्तम सेन्सर असलेले यंत्र ओरखडे पाडू शकते. ब्रश टेकण्यापूर्वी गाडीवर साबणाचे द्रावण फवारून त्याला मळ सैल करण्यास वेळ दिला नसेल, आणि त्यानंतर जोरदार पाण्याने सुटी वाळू खाली उतरवली नसेल, तर पुढच्या सगळ्या सुधारणा उशिरा कामाला येतात. आपण पुढच्या वेळी गाडी आत जाण्यापूर्वी उभे राहून आधीची गाडी पाहावी. कोरड्या किंवा नुकत्याच ओल्या केलेल्या गाडीवर ब्रश थेट टेकत असतील, किंवा ब्रशांवर स्वतःचे पाणी पडत नसेल, तर तेथे गाडी घालू नये. चाकांच्या कमानींत चिखल साचलेला असेल, तर तो हातातील पाइपाने आधी धुऊन काढण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : ब्रश नसलेले, केवळ पाण्याच्या दाबाने धुणारे यंत्र मग सर्वांत सुरक्षित म्हणावे का? त्यातून बाहेर आलेल्या गाडीवर बोट फिरवल्यास करडा थर लागतो, तो का?

उत्तर : कोणत्याही पृष्ठभागावरून पाणी वाहते तेव्हा त्याला अगदी लगटून असलेल्या थरात त्याचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. जाड कण या मंद थरातून वर डोकावतात आणि वाहून जातात. काजळी, टायरची झीज आणि तेलकट धूर यांचा अतिसूक्ष्म थर मात्र त्या मंद पाण्याच्या आश्रयाने चिकटून राहतो. आपल्या बोटाला लागतो तो हाच थर. पाण्याचा दाब वाढवत नेण्याने हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही.

जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये धुलाईचे चार घटक एका वर्तुळात मांडले : रसायन, यांत्रिक क्रिया, तापमान आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला की इतरांचा वाढवावा लागतो. ब्रश काढून टाकणे म्हणजे यांत्रिक क्रियेचा मोठा भाग काढून टाकणे होय, आणि तो भार प्रामुख्याने रसायनावर येतो. म्हणून अशा यंत्रांत अनेकदा दोन फवारे असतात, एक आम्लधर्मी आणि दुसरा अल्कधर्मी. पहिला क्षारांचा थर सैल करतो, तर दुसरा तेलकट मळ. हे संतुलन चांगले साधले तर निकाल समाधानकारक येतो. परंतु कडक द्रावणे उघड्या ॲल्युमिनियमवर डाग पाडतात, आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेली द्रावणे काच कोरू शकतात, शिवाय ती हाताळणाऱ्या कामगारांसाठी अत्यंत घातक असतात. काम सोपे होते म्हणून अशी रसायने वापरणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

मॅट रंगाच्या किंवा नुकत्याच रंगवलेल्या गाडीसाठी ब्रशविरहित यंत्र निवडणे योग्य ठरते. इतर गाड्यांसाठी, आधी नीट भिजवून मग बंद पेशींच्या फोमने धुणारे यंत्र मला अधिक समतोल वाटते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. वाहनधुलाई केंद्रात पाणी पुन्हा वापरले जाते असे वाचले. ते पाणी शंभर टक्के फिरवत राहणे का शक्य नाही? आणि काही केंद्रांतील पाण्याला कुजका वास का येतो?

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे, कारण पुनर्वापराच्या पाण्यात राहिलेला कण पुढच्या गाडीवर उच्च दाबाने आदळतो.

पहिला टप्पा निवळण टाक्यांचा. स्टोक्सच्या नियमानुसार बारीक कणाचा तळाशी बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १ मीटर खोलीच्या शांत पाण्यात वाळूचा १०० मायक्रॉनचा कण साधारण २ मिनिटांत तळाला जातो. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे ३ तास लागतात. गाड्यांची रांग लागलेली असताना टाकीतील पाणी ३ तास शांत राहत नाही. येथे हायड्रोसायक्लोन उपयोगी पडतो. या निमुळत्या शंकूत पाणी कडेने जोरात शिरते आणि भोवऱ्यासारखे फिरते. गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट मोठ्या केंद्रोत्सारी परिणामामुळे कण भिंतीकडे ढकलले जाऊन खालच्या तोंडातून बाहेर पडतात आणि त्यामानाने स्वच्छ पाणी वरच्या नळीतून निघते. त्यात फिरणारा एकही भाग नसतो, आणि गाळणीप्रमाणे तो वारंवार चोंदतही नाही. इतक्या साध्या आकाराकडून इतके काम करून घेणारी रचना या केंद्रात दुसरी क्वचितच सापडेल.

वासाचे कारण सूक्ष्मजीव आहेत. टाकीच्या तळाशी प्राणवायू संपला की तेथील काही जीवाणू पाण्यातील सल्फेटचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइडमध्ये करतात, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. रात्री काम बंद असताना पाणी स्थिर राहते, म्हणून सकाळी हा वास अधिक जाणवतो. पाणी सतत फिरते ठेवणे, त्यात हवेचे बुडबुडे सोडणे आणि गाळ वेळेवर उपसणे हे मूळ उपाय होत. ओझोन सोडल्यास वास आणि रंग दोन्ही कमी होतात आणि उरलेल्या ओझोनचा पुन्हा ऑक्सिजन होतो. मात्र ओझोन श्वासावाटे घेणे अपायकारक असल्यामुळे ती यंत्रणा बंदिस्त असावी लागते. सुगंधी द्रव्य टाकून वास झाकणे हा उपाय नव्हे.

आता शंभर टक्क्यांचा प्रश्न. टाकी किंवा शंकू केवळ न विरघळलेले कण काढतात. मीठ आणि साबणातील विरघळलेले क्षार त्यांतून सहज पार होतात. प्रत्येक धुलाईत पाण्यात क्षारांची ठराविक भर पडते असे समजा, आणि दर वेळी ८० टक्के पाणी परत घेऊन २० टक्के ताजे मिसळा. काही फेऱ्यांनंतर पाण्याची स्थिती स्थिर होईल तेव्हा ताज्या पाण्यातील क्षारांच्या वर एका धुलाईच्या भरीच्या ४ पट क्षार त्या मिश्रणात साचलेले असतील. पुनर्वापर ९० टक्के केला की ही भर ९ पट होते. प्रमाण शंभराकडे सरकवत गेल्यास भर अमर्याद वाढत जाते. हे समीकरण आपण स्वतः मांडून पाहावे, दोन ओळींत सुटते. गाडीच्या ओलाव्यासोबत आणि वाफेच्या रूपाने जाणारे पाणी लक्षात घेतले तरी निष्कर्ष बदलत नाही.

म्हणूनच चांगल्या केंद्रात कोणत्या कामाला कोणत्या दर्जाचे पाणी वापरायचे हे ठरलेले असते. परत मिळवलेले पाणी गाडीच्या खालच्या बाजूसाठी, चाकांसाठी आणि सुरुवातीच्या धुलाईसाठी वापरतात. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा असतो. आरओचा पडदा विरघळलेल्या क्षारांपैकी साधारण ९५ टक्के किंवा त्याहून अधिक क्षार अडवतो, त्यामुळे थेंब सुकल्यावर पांढरे ठिपके उरत नाहीत. आरओमधून वेगळे पडणारे खारे पाणी गटारात न सोडता ते धुलाईच्या टाकीत वळवले, तर तेवढे ताजे पाणी वाचते.

प्रश्न : गाडी वाळवणाऱ्या ब्लोअरचे विजेचे बिल मोठे येते. मोटरचा वेग बदलणारी व्हीएफडी बसवल्यास किती फरक पडेल?

उत्तर : पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण ५१ टक्के लागते, आणि अर्ध्यावर आणला तर सुमारे साडेबारा टक्के. परंतु ८० टक्के वेगाला हवेचा दाबही ६४ टक्क्यांवर येतो, त्यामुळे गाडी समोर असताना वेग कमी ठेवल्यास ती ओलीच बाहेर पडेल. खरी बचत दोन गाड्यांमधल्या मोकळ्या वेळेत होते. पूर्वी मोटर पुन्हा पुन्हा सुरू करताना बसणारा विजेचा झटका टाळण्यासाठी ब्लोअर सतत पूर्ण वेगाने चालू ठेवत; आता तो मंद फिरत ठेवून सेन्सरला गाडी दिसताच वेगात आणता येतो. उच्च दाबाच्या पिस्टन पंपाला मात्र हा घनाचा नियम लावू नये. ठराविक दाबावर त्याची वीज वेगाच्या जवळजवळ समप्रमाणात बदलते.

ब्लोअरचा भार कमी करण्याचा दुसरा मार्ग रसायनाचा आहे. शेवटी फवारल्या जाणाऱ्या द्रावणातील धनभारित रेणू गाडीच्या ऋणभारित ओल्या पृष्ठभागाला चिकटतात, पाण्याचा सलग पापुद्रा फुटतो आणि थेंब हवेने सहज ढकलले जातात. त्याआधी साबण पूर्ण धुतला गेला पाहिजे, कारण साबणातील ऋणभारित रेणूंशी संयोग होऊन हे द्रावण गाडीवरच चिकट थर सोडते. आपल्याकडे गाड्या नीट वाळत नसतील, तर ब्लोअर बदलण्यापूर्वी मधला पाण्याचा हात तपासावा.

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक गाडी धुलाईच्या बोगद्यात मध्येच थांबली आणि मागच्या गाड्या अडकल्या. दोष यंत्राचा की गाडीचा?

उत्तर : बहुधा दोन्ही आपापल्या नियमाने वागत होते. पारंपरिक कन्व्हेयरवर, म्हणजे गाडी बोगद्यातून पुढे नेणाऱ्या यंत्रणेवर, एक रोलर चाकाला मागून ढकलतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असावी लागते. नियंत्रक कन्व्हेयरची हालचाल ठराविक टप्प्यांत मोजतो आणि त्यावरून गाडीचा पुढचा भाग कोठे असेल याचा हिशेब ठेवतो. आधुनिक गाडी मात्र आपली सुरक्षा पाहते : थांबल्यावर ऑटो-होल्ड ब्रेक पकडतो, दार उघडल्यास किंवा चालकाने पट्टा काढल्यास पार्किंग ब्रेक लागू शकतो, आणि समोर हलणारा ब्रश अडथळा समजून आपत्कालीन ब्रेकही लागू शकतो. चाक रोलरवरून निसटले की यंत्राचा हिशेब चुकतो. अनेक उत्पादकांनी यासाठी गाडीत धुलाईचा वेगळा मोड दिला आहे. त्यात न्यूट्रल टिकून राहतो, वायपर आपोआप फिरत नाहीत आणि चार्जिंगचे झाकण बंद राहते.

यंत्राच्या बाजूने सर्वांत स्वागतार्ह सुधारणा म्हणजे पट्ट्याचा कन्व्हेयर. त्यात गाडीची चाके दोन रुंद सरकत्या पट्ट्यांवर उभी राहतात, चाकाला ढकलणारा रोलर नसतो आणि ब्रेक लागला तरी गाडी पट्ट्यासोबत पुढे जातच राहते. तेथेही आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा आणि वायपर बंद करावे लागतात. आपल्या भागात केवळ रोलरचे केंद्र असेल, तर मोड कोठून सुरू होतो ते घरीच पुस्तिकेत पाहून ठेवावे, आत गेल्यावर पाय ब्रेकवरून काढावा, आणि गाडी थांबल्यास दार न उघडता हॉर्न वाजवून कर्मचाऱ्याला कन्व्हेयर थांबवण्यास सांगावे.