सुट्टीसाठी घरं भाड्याने देणारा बुकिंग प्लॅटफॉर्म काढायचा आहे, पण बाजारात आधीच गर्दी आहे. सुरुवात कुठून करावी?

सगळीकडची घरं गोळा करण्याच्या मागे लागू नका. संख्येत एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमशी बरोबरी होणार नाही. एकच भाग आणि एकाच प्रकारचा पाहुणा धरा: कुत्रं सोबत आणणारे, किंवा दहा-बारा जणांचं कुटुंब. तिथली ३०-४० घरं स्वतः जाऊन बघा, फोटो काढा, पलंग मोजा. जाहिरात त्यानंतरच, रिकाम्या यादीवर पाहुणे आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरी डोकेदुखी कॅलेंडरची. मालकाचं घर बहुधा आधीच दोन-तीन साइटवर असतं. आयकॅल लिंक (एका साइटवरच्या भरलेल्या तारखा दुसरीला कळवणारा दुवा) फुकटात जोडता येते, पण ती ताजी व्हायला कधीकधी काही तास लागतात आणि तेवढ्यात तीच रात्र दोघांना विकली जाते. त्यापेक्षा चॅनेल मॅनेजर, म्हणजे सगळ्या साइटवरची कॅलेंडरं जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या एपीआयने (दोन सॉफ्टवेअरमधला थेट दुवा) जोडा. ते जमेपर्यंत झटपट बुकिंग बंद ठेवा: कार्डावर रक्कम फक्त राखून ठेवायची, मालकाचा होकार आला की कापायची, नाहीतर सोडून द्यायची.

मालकाला पैसे पाहुणा घरात शिरल्यावर साधारण २४ तासांनी द्या. आधी दिलेत आणि घर फोटोसारखं निघालं नाही, तर परतावा तुमच्या खिशातून जातो. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात मात्र ठेवू नका, अनेक देशांत त्याला परवाना लागतो. रक्कम विभागून देणारा पेमेंट गेटवे घ्या.