लाइनमनच्या ट्रेडवर ओरडण्याआधी

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नुकतंच बघायला लागला आहेस म्हणून सांगतो. ट्रेडची, म्हणजे खेळाडू दुसऱ्या संघाला दिल्याची, बातमी आली की लगेच 'लुटलं आपल्याला' म्हणू नकोस. आधी खेळाडूचा करार बघ: किती वर्षं उरलीत, सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर) किती बोजा आहे, आणि त्या जागी कोण तयार आहे.

कॅन्सस सिटी चीफ्सचंच घे. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यात) टॅम्पा बेने त्यांना 31-9 हरवलं. फिशर आणि श्वार्ट्झ हे नेहमीचे दोन्ही टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीच्या दोन टोकांचे लाइनमन) जखमी, त्यामुळे क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) माहोम्स सामनाभर जीव मुठीत घेऊन पळत होता. महिनाभराने दोघांनाही सोडलं. मग भरपूर पैसे मोजून गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) जो थुनी आणला आणि ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीच्या पिकसकट (निवडीच्या हक्कासकट) बरंच काही देऊन बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन घेतला. गाजावाजा या दोघांचा झाला. माझ्या मते खरी कमाई ड्राफ्टमधली: दुसऱ्या फेरीत सेंटर (फळीच्या मधोमधचा लाइनमन) क्रीड हम्फ्री, सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ. (सहाव्या फेरीत! तिथे बहुतेक संघ नशीबच आजमावतात.)

2025 मध्ये थुनीला शिकागोला दिलं, मिळाला फक्त चौथ्या फेरीचा पिक. चाहते चिडले. पण त्याचं वय बत्तिशीचं, कराराचं शेवटचं वर्ष, आणि स्मिथला ठेवायला कॅपमध्ये जागा हवी होती. मला तो सौदा आजही पटतो.

ऑगस्टअखेर रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) 53 वर येतं, तेव्हा राखीव टॅकल कोण उरलाय ते मात्र जरूर बघ.